पोटकंत्राटदारांना आपले मानणारा कंत्राटदार

‘कंत्राटदार’ हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर सहसा चांगले चित्र उभे राहत नाही. पहिल्याच पावसात वाहून गेलेला रस्ता, वर्षानुवर्षे रखडलेला उड्डाणपूल आणि बिलाच्या कागदांखाली दडपलेला हिशेब एवढेच त्या शब्दाच्या वाट्याला आले आहे. ‘कंत्राटी’ या विशेषणाचे नशीब तर त्याहूनही वाईट. मुंबई-पुण्यातील कोणत्याही मोठ्या कार्यालयात एकाच टेबलावर शेजारी शेजारी बसून एकच काम करणाऱ्या दोघांच्या गळ्यांत वेगवेगळ्या रंगांची ओळखपत्रे असतात. एक कायम, दुसरा कंत्राटी. काम फत्ते झाले की सत्कार पहिल्याचा होतो, आणि काम फसले की पहिली नजर वळते ती दुसऱ्याकडे.

ही विभागणी आजच्या व्यवस्थापनशास्त्राने शोधून काढली, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ती जुनीच आहे. आणि तिच्यामुळे होणारे नुकसान ओळखून वेगळी वाट चोखाळणारा माणूसही तितकाच जुना आहे. त्याचे नाव थॉमस ब्रॅसी. एकोणिसाव्या शतकातील हा इंग्रज रेल्वे कंत्राटदार. १८४७ सालापर्यंत ब्रिटनमधील सुमारे एक तृतीयांश लोहमार्ग आणि १८७० साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा साऱ्या जगातील दर वीस मैलांपैकी एक मैल लोहमार्ग त्याने बांधलेला होता, असे सांगितले जाते. ऐन भरात असताना त्याच्या कामांवर पाऊण लाखाच्या आसपास माणसे राबत होती. परंतु आज त्याची आठवण काढायची ती या आकड्यांसाठी नव्हे. त्या पाऊण लाखांतील बहुतेकांचे नाव त्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर नव्हते. ती पोटकंत्राटदारांची माणसे होती. तरीही ती सारी स्वतःला ब्रॅसीची माणसे म्हणवून घेत. हे कसे घडले, ते पाहण्याजोगे आहे.

ब्रॅसीचा जन्म ७ नोव्हेंबर १८०५ रोजी इंग्लंडच्या चेशर परगण्यातील एका खात्यापित्या शेतकरी कुटुंबात झाला. चेस्टर येथील शाळेत शिकल्यानंतर सोळाव्या वर्षी तो विल्यम लॉटन या जमीन मोजणीदाराकडे उमेदवारीला राहिला. होलीहेडला जाणाऱ्या प्रसिद्ध रस्त्याच्या मोजणीत त्याने उमेदवार असतानाच हात घातला. हाताखालचा हा मुलगा कष्टाळू आहे, हे लॉटनच्या ध्यानात आले आणि ब्रॅसी एकवीस वर्षांचा होताच त्याने त्याला भागीदार करून घेतले. मर्सी नदीकाठचे बर्कनहेड तेव्हा लहानसे खेडे होते. तेथे ब्रॅसीने विटांचा कारखाना काढला, चुन्याच्या भट्ट्या लावल्या, दगडांच्या खाणी चालविल्या. पुढे जगभर पूल आणि बोगदे उभारणाऱ्या या माणसाचे शिक्षण झाले ते असे वीट, चुना आणि दगड यांच्या सान्निध्यात.

लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गावरील एका मोठ्या पुलासाठी दगड पाहण्याच्या निमित्ताने जॉर्ज स्टीफन्सन त्याच्या खाणीवर आला आणि रेल्वेचे युग ब्रॅसीच्या दाराशी येऊन उभे राहिले. पहिली निविदा मात्र हुकली. डटन येथील पुलाचे काम त्याच्याहून ५ हजार पौंड कमी दर भरणाऱ्या विल्यम मॅकेन्झीकडे गेले. १८३१ साली ब्रॅसीचे लग्न झाले होते. पत्नी मरिया ही लिव्हरपूलमधील एका जहाज-वाहतूक व्यावसायिकाची कन्या. रेल्वेच्या कामात पुन्हा उतरावे, हा आग्रह तिचाच. १८३५ साली पेनक्रिजचा पूल आणि १० मैलांचा मार्ग हे काम ब्रॅसीला मिळाले. १८३७ साली त्यावरून गाडी धावली. या कामाने ब्रॅसीला आणखी एक गोष्ट दिली; ती म्हणजे अभियंता जोसेफ लॉक याचा विश्वास.

लॉक हा हिशेबाला चोख माणूस होता. कामाचा अंदाज आधी बारकाईने काढायचा आणि मग ते त्याच पैशांत, त्याच मुदतीत पुरे करायचे, हा त्याचा बाणा. त्या काळी असे सहसा घडत नसे. स्वस्तात काम घेणारे छोटे कंत्राटदार मध्येच बुडत आणि काम अर्धवट सोडून निघून जात. लंडन-साउथहॅम्प्टन मार्गावर लॉकच्या आधीच्या अभियंत्याला हाच अनुभव आला होता. लॉकने तेथे ब्रॅसीला बोलावले. सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे सर्वांत कमी खर्चाचे काम नव्हे, हा धडा ब्रॅसीने तेथे जवळून पाहिला आणि आयुष्यभर लक्षात ठेवला. त्याच्या पुढील सर्व वागणुकीचे मूळ येथे आहे.

ब्रॅसीच्या कामाची रचना समजून घेण्यासारखी आहे. एखादा मार्ग बांधायला घेतला की त्याची जबाबदारी तो एका प्रमुख प्रतिनिधीवर सोपवी. या प्रतिनिधीने मार्गाचे तुकडे पाडून ते पोटकंत्राटदारांना उक्ते द्यावयाचे. एका पोटकंत्राटाची रक्कम साधारण ५ हजारांपासून २५ हजार पौंडांपर्यंत असे आणि प्रत्येकाच्या हाताखाली शंभर ते तीनशे मजूर असत. इथवर यात नवे काहीच नव्हते. सारेच बडे कंत्राटदार असे करीत. फरक होता तो दर ठरविण्यात आणि ठरलेला दर चुकीचा निघाला तर काय करायचे, यात.

इतर ठिकाणी पोटकंत्राटदारांना एकमेकांशी झुंजविले जाई आणि जो पोटाला चिमटा घेऊन कमीत कमी दर सांगेल त्याच्या पदरात काम टाकले जाई. ब्रॅसीने ही चढाओढ ठेवलीच नाही. कोणत्या कामाला किती खर्च यावा, हे त्याची माणसे आधी काढीत. त्यात वाजवी नफा धरून दर सांगितला जाई. पोटकंत्राटदार बहुधा तो घासाघीस न करता मान्य करीत, कारण या दरात आपल्याला बुडविले जाणार नाही, याची त्यांना खात्री असे.

आणि तरीही जमिनीच्या पोटात काय दडले आहे, हे कोण सांगणार? माती म्हणून घेतलेल्या खोदाईत चार हातांवर कातळ लागे. करारानुसार ते दुर्दैव पोटकंत्राटदाराचे. ब्रॅसी वरचेवर कामावर येई, रुळांच्या मार्गाने मैलोगणती पायी चाले आणि प्रत्येक टोळीपाशी थांबे. कातळ फोडणारी माणसे, ओढणारे घोडे, भरलेल्या वाघिणी यांवर नजर टाकली की कोण तोट्यात चालला आहे, हे त्याच्या ध्यानात येई. मग तो तेथल्या तेथे दर वाढवून देई. त्यासाठी अर्जविनंत्या, लवाद किंवा कोर्टकचेरी यांची गरज पडत नसे. करारात तसे कलम नव्हते. परंतु ब्रॅसीच्या लेखी करार हा काम पुरे करण्यासाठी होता, माणूस बुडविण्यासाठी नव्हता.

याला कोणी दानशूरपणा म्हणेल. पण ब्रॅसी हा पक्का व्यवहारी माणूस होता, हे विसरून चालणार नाही. तोट्यात चाललेला पोटकंत्राटदार प्रथम मजुरांची मजुरी थकवितो. मग तो चुना कमी घालतो. आणि शेवटी रात्रीतून पसार होतो. या तिन्हींची किंमत अखेर मुख्य कंत्राटदारालाच मोजावी लागते. शिवाय आपण बुडणार नाही, अशी खात्री असलेला माणूस अडचण लपवीत नाही, वेळीच येऊन सांगतो. ज्याला प्रत्येक चुकीची शिक्षा होते, तो मात्र भिंतीला तडा गेला तरी वरून गिलावा करून मोकळा होतो. ब्रॅसीच्या औदार्यात हे शहाणपण होते.

१८४१ साली त्याने जुन्या प्रतिस्पर्ध्याशी, म्हणजे विल्यम मॅकेन्झीशी, भागीदारी केली आणि पॅरिस-रुआँ या लोहमार्गाचे काम घेतले. हजारो इंग्रज मजूर खाडी ओलांडून फ्रान्समध्ये गेले. त्यांच्या जोडीला फ्रेंच, आयरिश, जर्मन, बेल्जियन, इटालियन असे नाना देशांचे लोक होते. ब्रॅसीला स्वतःला फ्रेंच येत नव्हते. त्याच्या वतीने ती भाषा आत्मसात केली ती मरियाने. १८४३ साली मार्ग पुरा झाला. भरपेट खाणारा आणि जास्त मजुरी घेणारा मजूर दिवसाकाठी इतके अधिक काम करतो की कामाचा एकूण खर्च वाढत नाही, हे निरीक्षण या आणि अशाच कामांतून पुढे आले. पुढे ब्रॅसीच्या थोरल्या मुलाने वडिलांच्या हिशेबवह्यांच्या आधारे काम आणि वेतन यांवर १८७२ साली एक ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा हाच होता.

मार्ग पुढे रुआँहून ल हाव्हरकडे निघाला, आणि कसोटीचा क्षण आला. बारांताँ येथे सुमारे १०० फूट उंचीचा, २७ कमानींचा विटांचा पूल उभा राहिला होता. जानेवारी १८४६ मध्ये तो कोसळला. दोष कोणाचा, यावर मोठा खल होऊ शकला असता. चुना स्थानिकच वापरावा, असे करारात होते, आणि तो निकृष्ट होता. अभियंत्याकडे बोट दाखविता आले असते, पोटकंत्राटदारांच्या माथी खापर फोडता आले असते, न्यायालयात वर्षानुवर्षे दावा चालविता आला असता. ब्रॅसी आणि त्याच्या भागीदाराने यांपैकी काहीही केले नाही. स्वतःच्या खर्चाने, चांगला चुना वापरून त्यांनी पूल पुन्हा बांधावयास घेतला आणि त्याच वर्षी तो उभाही केला. त्या पुलावरून आजही गाड्या जातात. पडलेल्या पुलाच्या ढिगाऱ्यापाशी उभे राहून आधी गुन्हेगार शोधायचा की आधी पूल बांधायचा, या प्रश्नाचे ब्रॅसीचे उत्तर हे असे होते.

त्यानंतरची वीस वर्षे म्हणजे कामांची अखंड मालिका आहे. स्पेनमधील बार्सिलोना-मातारो मार्ग १८४८ साली सुरू झाला. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यातील सैनिक रसदीअभावी गारठून मरू लागले, तेव्हा पेटो आणि बेट्स या सहकाऱ्यांसह ब्रॅसीने नफा न घेता बालाक्लाव्हा बंदरापासून आघाडीपर्यंत लोहमार्ग टाकून देण्याची तयारी दाखविली. १८५५ सालच्या हिवाळ्यात सुमारे सात मैलांचा मार्ग सात आठवड्यांत उभा राहिला. हे काम करणारे सैनिक नव्हते. रोजंदारीवरचे, ठेक्याने आणलेले मजूर होते. कॅनडातील ग्रँड ट्रंक रेल्वे आणि तिच्यावरील माँट्रियलचा व्हिक्टोरिया पूल यांनी मात्र त्याला फार मोठा तोटा दिला. गोठलेल्या नद्या, पटकीची साथ, वाढलेली मजुरी यांपुढे सारे अंदाज कोसळले. तरीही काम अर्ध्यावर टाकले नाही आणि तोट्याचा भार खालच्या पायरीवर ढकलला नाही.

भारताशीही त्याचा संबंध आला. कलकत्त्याहून कुष्टियाकडे जाणाऱ्या ईस्टर्न बंगाल रेल्वेचे काम त्याने भागीदारांसह घेतले होते आणि १८६२ साली तो मार्ग सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात मात्र त्याच सुमारास दुसरेच चित्र दिसत होते. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि १८५६ च्या सुमारास बोरघाट फोडण्याचे अजस्र काम सुरू झाले. तेथेही मुख्य कंत्राटदार, त्याखाली पोटकंत्राटदार, त्याखाली मुकादम आणि सर्वांत तळाशी मजूर अशीच उतरंड होती. परंतु वरून निघालेली मजुरी तळापर्यंत वेळेवर पोहोचत नव्हती. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा संयम सुटला आणि दंगल उसळली. त्याच वर्षी हे काम पहिल्या कंत्राटदाराकडून निघाले आणि सॉलोमन ट्रेडवेल याच्याकडे गेले. भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते नेटाने तडीस नेले. १८६३ साली घाटातून गाडी गेली. तोवर साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी हजारो मजुरांचे बळी घेतले होते. खंडाळ्याच्या बोगद्यांतून आज आरामात प्रवास करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना त्यांतील एकाचे तरी नाव ठाऊक आहे? मार्ग एकाच जातीचे, अवजारेही तीच; पण उतरंडीच्या तळाशी असलेला माणूस आपला मानला की परका, यावर कामाचा इतिहास बदलतो.

ब्रॅसीच्या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती १८६६ साली. मे महिन्यात लंडनमधील एक बलाढ्य पेढी कोसळली आणि तिच्यापाठोपाठ कित्येक कंत्राटदार भुईसपाट झाले. पेटो आणि बेट्स यांचेही दिवाळे वाजले. ब्रॅसी जेमतेम तगला. नेमक्या त्याच वेळी तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात लेंबर्ग-चेर्नोव्हित्स हा मार्ग बांधत होता. ही दोन्ही शहरे आज युक्रेनमध्ये आहेत. जूनमध्ये ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. मजुरांच्या पगाराचे पैसे एका टोकाला आणि मजूर दुसऱ्या टोकाला, मध्ये सैन्ये उभी ठाकलेली. युद्धाचे कारण सांगून पगार लांबणीवर टाकला असता तर कोणी दोष दिला नसता.

परंतु व्हिक्टर ओफेनहाइम या त्याच्या प्रतिनिधीने पैसे पोहोचवायचेच, असे ठरविले. क्राकोव्ह येथे त्याला पुढे न्यायला इंजिन मिळेना. शोधाशोध करता एका शेडमध्ये एक जुने इंजिन सापडले. भरघोस मोबदला देऊन त्याने एक चालक तयार केला आणि पैशांसह ते इंजिन भरधाव सोडले. पहारेकऱ्यांना काय घडते आहे हे कळायच्या आत ते चौक्या ओलांडून पार झाले. मजुरांना पगार मिळाला, काम थांबले नाही आणि युद्ध संपते न संपते तोच, सप्टेंबरमध्ये, मार्ग खुला झाला. ज्याच्यासाठी माणसे असा जीव धोक्यात घालतात तो ब्रॅसी आहे तरी कोण, याचे कुतूहल खुद्द ऑस्ट्रियाच्या सम्राटाला वाटले आणि त्याने ब्रॅसीला मानाचा किताब दिला, असे सांगतात. किताबांचे ब्रॅसीला मुळीच अप्रूप नव्हते. सम्राटाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सोपे होते. पगार वेळेवर पोहोचला पाहिजे, हा ब्रॅसीचा शब्द होता, आणि त्याचा शब्द हा आपलाच शब्द आहे, असे त्याच्या माणसांना वाटत होते.

ब्रॅसीला देवत्व देण्याचे कारण नाही. त्याच्याही कामांवर अपघात झाले, माणसे दगावली. मजुरांना कायद्याचे संरक्षण नव्हते आणि ते मिळावे म्हणून त्याने लढा दिल्याचे दिसत नाही. ब्रिटिश संसदेच्या समितीने १८४६ साली रेल्वे मजुरांच्या हलाखीची चौकशी केली. अनियमित पगार, कंत्राटदारांच्या दुकानांतून चढ्या भावाने घ्यावा लागणारा शिधा, झोपड्यांतील घाण असे पुष्कळ काही तिच्यापुढे आले. परंतु तिच्या शिफारशी कागदावरच राहिल्या. ब्रॅसी मालाऐवजी रोख मजुरी देणारा होता, हे खरे; तथापि त्याच्या मजुराचे सुख हे त्याच्या एकट्याच्या सद्भावनेवर अवलंबून होते. नियम नसेल तर मालकाबरोबर त्याची रीतही संपते. त्याच्यामागे त्याचे कौतुक उरले, त्याची पद्धत मात्र उद्योगाची रीत झाली नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

अखेरच्या दोन-तीन वर्षांत अर्धांगाच्या झटक्याने आणि दुर्धर आजाराने तो खचला, तरी कामांच्या पाहणीला जाणे त्याने शक्य तोवर सोडले नाही. शेवटी तो हेस्टिंग्जजवळील सेंट लेनर्ड्स येथे राहावयास गेला. तेव्हा त्याच्याकडे पूर्वी काम केलेली माणसे, त्यांत प्रतिनिधी होते तसे साधे मजूरही होते, लांबून येऊन त्याच्या दाराशी थांबत. त्यांना काही मागायचे नसे. एकदा पाहावे, जमल्यास हात हाती घ्यावा आणि परतावे, एवढीच त्यांची इच्छा असे. ८ डिसेंबर १८७० रोजी वयाच्या पासष्टाव्या वर्षी ब्रॅसीने जगाचा निरोप घेतला. मागे लक्षावधी पौंडांची संपत्ती होती. पोटकंत्राटदारांना पिळल्यावाचून धंद्यात पैसा मिळत नाही, असे मानणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात घ्यावा.

आज रेल्वेपासून रुग्णालयांपर्यंत आणि महापालिकेपासून संगणक कंपन्यांपर्यंत कंत्राटी माणसांवाचून कोणाचेच पान हलत नाही. बाहेरचा सल्लागार, ठेक्यावरचा तंत्रज्ञ, पुरवठादाराने पाठविलेला सुरक्षारक्षक यांना कायम करणे प्रत्येक वेळी शक्य असेलच असे नाही. ब्रॅसीनेही ते केले नव्हते. त्याने केले ते एवढेच: दर वाजवी ठेवला, पगार वेळेवर पोहोचविला, कातळ लागला तेव्हा तो आपलाच मानला आणि पूल पडला तेव्हा बोट दाखविण्याऐवजी बाह्या सरसावल्या. यासाठी ओळखपत्राचा रंग बदलावा लागत नाही. मात्र कामाच्या जागी, मैलोगणती पायी चालत, स्वतः जावे लागते.